हमालाचा मुलगा 'पिकर' झाला

मागच्या ईदला माझा एक जुना विद्यार्थी भिवंडीहून गावी आला होता. आठवीपासून तो माझ्या वर्गात होता. उर्दू माध्यमाचा मुलगा, पण मराठीचं शुद्धलेखन वर्गात सर्वात चांगलं. बारावीनंतर शिक्षण सुटलं. शीरखुर्मा घ्यायला त्याच्या घरी गेलो तेव्हा मी सहज विचारलं, "काय काम करतोस रे सध्या?"

"सर, पिकर-पॅकर आहे. वेअरहाऊसमध्ये."

त्याची आई मधल्या दारात उभी होती. तिला हा शब्द गेल्या दोन वर्षांपासून छळत असावा. "पिकर बोले तो कपास चुनने का काम है क्या सर? उसके वास्ते भिवंडी कायकू जाना?" आम्ही सगळे हसलो. पण तिचं चुकलं नव्हतं. आमच्या हिंगोली जिल्ह्यात 'पिकिंग' म्हणजे वेचणी, आणि वेचणी म्हणजे कापूस. तिची सासू, जाऊ, ती स्वतः, सगळ्यांनी कापूस वेचलेला.

त्याचे वडील मात्र हसले नाहीत. ते मोंढ्यात हमाल होते. तीसेक वर्षं पोती वाहिली, आता गुडघे गेले. ते म्हणाले, "सर, हम किसके हमाल थे, हमकू मालूम था. ये किसका है, पूछो इसकू."

मी विचारलं. मुलगा म्हणाला, कंपनीचा नाही, एजन्सीचा. एजन्सी कोणती? आधी एक होती, मग दुसरी आली, आता तिसरी. काम तेच, गोदाम तेच, गेट तेच. गळ्यातलं ओळखपत्र तेवढं बदलतं.

'तू कोणाचा माणूस?' हा प्रश्न माझ्या डोक्यात नंतर बरेच दिवस राहिला. गोदामातल्या मजुराचा इतिहास बघायला लागलो तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न जुना आहे. महाराष्ट्रात एकदा त्याचं उत्तरही शोधलं गेलं होतं.

भाषेचा मास्तर असल्यामुळे मी आधी शब्दांकडे जातो, वाचकांनी सवयीनं माफ करावं. 'हमाल' हा अरबी 'हम्माल'. मूळ धातूचा अर्थ वाहणं. त्याच धातूपासून उर्दूत 'हमल' म्हणजे गर्भ, 'हामिला' म्हणजे गर्भवती आणि 'तहम्मुल' म्हणजे सोसण्याची ताकद. ओझं, गर्भ आणि सबुरी, तिन्ही एकाच मुळातून आलेले. हमालांच्या टोळीचा 'मुकादम' हा अरबी 'मुक़द्दम', पुढे ठेवलेला माणूस. 'बारदान' फारसी आहे: बार म्हणजे ओझं, दान म्हणजे ते ठेवायचं भांडं. मोंढ्यातला 'हर्रास' म्हणजे 'हर्राज'. 'गोदाम' मलायी 'गुदांग'शी नातं सांगतं आणि त्याही मागे दक्षिण भारतीय भाषांतला शब्द असावा, असं अभ्यासक मानतात. अरबीत कोठाराला 'मखज़न' म्हणतात. तोच शब्द युरोपात जाऊन फिरत फिरत 'मॅगझिन' झाला, आधी दारूगोळ्याचं कोठार आणि मग लेखांचं. मोंढ्यातला आमचा माणूस मराठी बोलत असो की दखनी, त्याच्या धंद्याची निम्मी भाषा बंदरांवरून आलेली आहे.

'अलिफ़ लैला'मधला सिंदबाद सगळ्यांना माहीत असतो. पण त्या गोष्टीची सुरुवात बगदादच्या एका हमालापासून होते, हे मुलांना सांगितलं की ती चकित होतात. ओझ्यानं थकलेला हमाल एका श्रीमंत घराच्या दाराशी टेकतो, नशिबाची तक्रार करतो, आणि घरमालक त्याला आत बोलावून आपल्या सात सफरी ऐकवतो. काही आवृत्त्यांत या हमालाचं नाव हिंदबाद आहे, काहींत तोही सिंदबादच. खलाशी बोलत राहतो आणि हमाल ऐकत राहतो. हमालानं दिवसभरात काय वाहिलं, कोणाचं वाहिलं, हे त्याला कोणी विचारत नाही.

आता हिंगोलीकडे येऊ. हे गाव एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होतं. १९०३ मध्ये ती फौज ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झाली आणि छावणी उठली. पण हिंगोलीची दुसरी ओळख कापसाची मोठी पेठ अशी होती, ती टिकली. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. तिथे कारंज्याला १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. देशातल्या बाजार समित्यांचा इतिहास बहुधा तिथूनच सांगितला जातो. मग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा आला. निजामाच्या राज्यात आमच्या बाजूला असा कायदा व्हायला १९३० साल उजाडलं. फसली सन १३३९ चा हैदराबाद कृषी बाजार कायदा तो हाच. पुढे १९४८ चा मुक्तिसंग्राम, १९५६ ची राज्य पुनर्रचना आणि १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा. हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला, परभणीतून फुटून.

या सगळ्या कायद्यांचं मुख्य काम शेतकरी आणि अडत्या यांच्यातला व्यवहार सरळ करणं हे होतं. वजन खरं असावं, कपात ठरलेली असावी, हर्रास उघड्यावर व्हावा. गरजेच्या गोष्टी होत्या, आणि शेतकऱ्याला त्यांचा फायदा झाला, यात शंका नाही. हमाल आणि मापारी या कायद्यांत येतात ते परवान्याच्या रूपात. त्यांना परवाना मिळाला, पोत्यामागे हमालीचा दर ठरला. पण मालक मिळाला नाही. शेतकरी म्हणणार, हमाल अडत्याचा. अडत्या म्हणणार, मी फक्त मध्यस्थ, माल खरेदीदाराचा. खरेदीदार म्हणणार, मी आज इथे, उद्या वाशिमला. पोतं पाठीवर पडून कंबर मोडली तर तिन्ही बाजूंनी हात वर.

आज आमच्या मोंढ्यात कापसापेक्षा हळदीचा बोलबाला आहे. हिंगोलीचं हळद मार्केट संत नामदेवांच्या नावानं आहे, कारण नरसी इथून जवळच. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उन्हाळ्यात तिथे गेलात तर वाहनांच्या रांगा आणि हवेत पिवळी धूळ दिसते. कांडी वेगळी, गट्टू वेगळा. माल ओतणं, चाळणं, भरणं, शिवणं, तोलणं, थप्पी लावणं ही सगळी कामं माणसांच्या हातांनी होतात. चाळणीवर आणि झाडलोटीला बाया असतात. त्यांची मोजदाद हमालातही होत नाही आणि मापाऱ्यातही. संध्याकाळी हमाल घरी येतो तेव्हा त्याच्या पापण्या पिवळ्या असतात. माझ्या विद्यार्थ्यानं 'माझे बाबा' या निबंधात लिहिलं होतं की बाबा घरी आले की शर्ट आधी दोरीवर झटकतात, मग आम्हाला जवळ घेतात. त्या वाक्याला मी लाल पेनानं बरोबरची खूण केली होती. आता वाटतं, एवढंच केलं.

हमालाच्या कामात कौशल्य नसतं, असा शिकलेल्या लोकांचा समज असतो. थप्पी लावताना एकदा नीट बघा. खालच्या थरातली पोती आडवी, वरची उभी, कोपरे एकमेकांत अडकवलेले. एक पोतं चुकलं तर चार दिवसांनी सगळी थप्पी कलते. कुठल्या थप्पीत कोणाचा माल, कोणती हळद ओलसर, कोणती आधी काढायची, हे टोळीच्या डोक्यात असतं. पूर्वी पोतं क्विंटलचं असे, म्हणजे शंभर किलो. दोघे उचलून देत आणि तिसऱ्याच्या पाठीवर ते चढे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्ये माणसानं किती ओझं वाहावं याबद्दल करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. भारतानं त्या करारावर मान्यतेची मोहोर उठवली ती २०१० मध्ये. मधल्या त्रेचाळीस वर्षांत किती गुडघे गेले याचा हिशेब कोणाच्या वहीत नाही. आता पन्नास किलोचा कट्टा सर्रास दिसतो, आणि जुने हमाल त्याला थट्टेनं 'बच्चा' म्हणतात.

मालक कोण, या प्रश्नाचं उत्तर शोधलं गेलं ते मुंबईत. मस्जिद बंदर, दाणा बंदर, लोखंड बाजार, कापड बाजार. इथे सातारा, पुणे भागातल्या डोंगरी तालुक्यांतून आलेली माणसं एका गाळ्यात वीस-वीस राहून डोक्यावर माल वाहत होती. माथ्यावर वाहणारा तो माथाडी. सातारच्या पाटण भागातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी साठच्या दशकात त्यांना संघटित केलं. व्यापाऱ्यांचा युक्तिवाद तोच होता: हा माझा नोकर नाही, टोळीवाल्याशी माझा उक्ता व्यवहार आहे. नोकर नाही म्हणून फंड नाही, रजा नाही, अपघाताची भरपाई नाही.

यातून वाट काढायला गोदीचा अनुभव कामी आला. गोदीत जहाज आलं तर काम, नाही तर उपास. त्यावर उपाय म्हणून १९४८ मध्ये देशात गोदी कामगारांचा कायदा झाला होता. कामगारांची नोंद एका मंडळाकडे ठेवायची आणि मंडळानं काम वाटायचं, ही त्यातली कल्पना. तीच कल्पना महाराष्ट्रानं बाजारात आणली. १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगार कायदा तो हाच. त्यातली युक्ती साधी आहे आणि मला ती फार हुशारीची वाटते. मालक सापडत नाही ना? मग त्याचा शोधच थांबवा. सरकार, व्यापारी आणि कामगार यांचं मिळून एक मंडळ करा. कामगाराची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याची नोंदही मंडळाकडे. माल कोणाचाही असो, मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही व्यापाऱ्यानं मंडळात भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार आणि दवाखाना. दिवसात चार व्यापाऱ्यांचा माल वाहणाऱ्या माणसाच्या मागे पहिल्यांदा एक संस्था उभी राहिली. असंघटित मजुरासाठी असा कायदा तेव्हा देशात इतर कुठे नव्हता.

पुण्यात डॉ. बाबा आढावांनी १९५० च्या दशकातच हमाल पंचायतीचं काम सुरू केलं होतं. त्या पंचायतीनं सत्तरच्या दशकात 'कष्टाची भाकर' सुरू केली. हमालाला स्वस्तात पोटभर जेवण मिळावं, एवढाच हेतू. बाहेरगावी परीक्षेला गेलेल्या आमच्यासारख्या पोरांनीही ती खाल्ली आहे. बीएडच्या दिवसांत पुण्याला एका मुलाखतीसाठी गेलो होतो. नोकरी मिळाली नाही, पण जेवण चांगलं होतं.

हा कायदा सगळीकडे सारखा पोचला, असं मात्र कोणी समजू नये. मुंबई-पुण्याच्या हमालाला त्यानं घर दिलं, मुलांना शाळा दिली. मराठवाड्याच्या छोट्या मोंढ्यांत नोंद झालेले आणि न झालेले हमाल एकाच ट्रकखाली उभे असतात. मुंबईतही कायद्याच्या आडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या निघाल्या, हे खोटं नाही. त्यांच्यामुळे खऱ्या माथाड्याची बदनामी झाली. आमच्या मोहल्ल्यातले बरेचसे हमाल नोंदीबाहेरच राहिले. अर्ज कोणी लिहायचा, कागद कोणी जोडायचे? सच्चर समितीनं २००६ मध्ये आणि महाराष्ट्रासाठी नेमलेल्या महमूदुर रहमान समितीनं २०१३ मध्ये मुस्लिमांच्या आर्थिक स्थितीबद्दल लिहिलं, तेव्हा असुरक्षित, करार नसलेल्या कामांतलं आपलं प्रमाण ठळकपणे समोर आलं. पण सगळा दोष व्यवस्थेवर टाकून मी मोकळा होणार नाही. आपल्या जलशांवर आणि मुशायऱ्यांवर जेवढा खर्च झाला, त्याच्या एका हिश्श्यात प्रत्येक मोंढ्याशेजारी फॉर्म भरून देणारा एक माणूस बसवता आला असता.

आता भिवंडी. हे यंत्रमागांचं शहर. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी वसवलेले मोहल्ले तिथे आहेत. गेल्या काही दशकांत शहराभोवतीच्या पूर्णा, काल्हेर, दापोडे, मानकोली अशा गावांत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. कारण जकात. मुंबईत माल नेला की महापालिकेची जकात भरावी लागे. मग माल हद्दीबाहेर साठवायचा आणि विकेल तसा आत न्यायचा. जमीन स्वस्त, नाशिककडे जाणारा महामार्ग दाराशी, न्हावा-शेवा बंदर आवाक्यात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, तरी गोदामं गेली नाहीत. उलट वाढली, कारण तोवर ऑनलाइन खरेदी आली होती. ॲमेझॉननं जून २०१३ मध्ये भारतात विक्री सुरू केली तेव्हा त्यांचं पहिलं मोठं गोदाम भिवंडीतच होतं.

माझा विद्यार्थी कुठल्या गोदामात आहे ते मी लिहिणार नाही. त्याचं काम कसं चालतं ते मात्र त्यानं मला चटईवर बसून, चमचे आणि वाट्या मांडून समजावलं.

त्याच्या हातात स्कॅनर असतो. स्कॅनरवर मजला, रांग, कप्पा, खण यांचा क्रमांक येतो. तिथे जायचं, वस्तू काढायची, स्कॅन करायची, क्रेटमध्ये टाकायची. लगेच पुढचा क्रमांक. क्रेट भरला की पट्ट्यावर. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पॅकर. वस्तू तपासणं, खोका निवडणं, फुगेवाला कागद, चिकटपट्टी, लेबल. पॅकिंगला मुली बऱ्याच असतात. तासाला किती वस्तू झाल्या ते पडद्यावर दिसत राहतं.

मी विचारलं, "पण कुठली वस्तू कुठे आहे हे तुला आता पाठ झालं असेल?"

"नाही सर, ते पाठ होतच नाही." एका खणात चप्पल, शाम्पू, चार्जर, झारा, काहीही शेजारीशेजारी ठेवलेलं असतं. जागा रिकामी दिसली की माल तिथे जातो. कुठे काय आहे ते फक्त संगणकाला ठाऊक. वस्तू अशा विखुरल्या की सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंत गफलत कमी होते आणि जागा वाया जात नाही, असं त्याला प्रशिक्षणात सांगितलं होतं. दोन वर्षं तिथे चालूनही त्याला त्या गोदामाची माहिती नाही. त्याचे वडील तेवढं सगळं ऐकून म्हणाले, "फिर थप्पी कौन लगाता?" थप्पी कोणीच लावत नाही, हे त्यांच्या गळी उतरेना.

मला इथे बाप आणि लेकातला खरा फरक दिसला. ओझं कमी झालंय हे कबूल करायला हवं. मुलगा क्रेट ओढतो, शंभर किलो उचलत नाही. त्याच्या डोक्यावर पत्रा आहे आणि पगार बँकेत येतो. पण बापाकडे टोळी होती. मुकादम हटला की बारा जण एकदम बसत आणि ट्रक भरल्याविना उभा राही. त्या बारांत शेख होते, कांबळे होते, एक जण मराठा होता. मालाची जागा त्यांच्या डोक्यात होती, म्हणून व्यापाऱ्याला त्यांची गरज होती. मुलगा एकटा चालतो, एकटा स्कॅन करतो. शेजारच्या रांगेतल्या पोराशी बोलला तर तासाचा आकडा घसरतो. त्याच्या जागी उद्या दुसरा आला तरी त्याच दिवशी काम सुरू, कारण सगळी माहिती स्कॅनरमध्ये आहे.

कायदा त्याच्यासाठी नाही असंही नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदारानं पगार बुडवला तर मुख्य मालक जबाबदार, असं स्पष्ट होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांत दारावर पार्सल देणाऱ्या 'गिग' कामगाराला पहिल्यांदा नाव मिळालं. आतला पिकर मात्र गिग कामगार नाही, तो ठेकेदाराचा माणूस. माथाडी कायद्यात येतो का? चढवणं, उतरवणं, रचणं, वाहणं ही कामं तर तो करतोच. पण २०२३ साली त्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं, आणि अंगमेहनतीचं काम म्हणजे यंत्राच्या मदतीविना केलेलं काम, अशी व्याख्या पुढे आली. हमाल-माथाडी संघटनांनी विरोध केला. स्कॅनर हातात आला की मेहनत अंगाची राहत नाही का, हा प्रश्न मी शाळेत स्टाफरूममध्ये टाकला, तर तासभर वाद झाला आणि गणिताचे सर चहा विसरले.

जून २०२४ मध्ये हरियाणातल्या मानेसरच्या एका गोदामातली बातमी आली होती. ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला किंवा लघवीला जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याचं त्यात होतं. उन्हाळा कडक होता. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं स्वतःहून दखल घेऊन केंद्राच्या कामगार मंत्रालयाला नोटीस काढली. ती बातमी मी त्या मुलाला फोनवर दाखवली. त्यानं वाचली आणि म्हणाला, "सर, आमच्याकडे शपथ नाही. पण बाथरूम लांब आहे."

त्या दिवशी मी निघताना त्यानं एक प्लास्टिकची पिशवी आणली. तिच्यात पगाराच्या चिठ्ठ्या होत्या. फंडाचे पैसे तीन एजन्सींच्या नावानं तीन ठिकाणी अडकले होते आणि एका ठिकाणी त्याच्या नावात 'शेख' आधी, दुसरीकडे नंतर. खाती एकत्र करायचा अर्ज भरायचा होता. आम्ही चटईवर बसलो. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक भरून झालं. मग रकाना आला: मालकाचं नाव. मी पेन थांबवला आणि त्याच्याकडे बघितलं. तो पिशवीत चिठ्ठ्या चाळत राहिला. त्याच्या वडिलांनी गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, मग परत बसले आणि म्हणाले, "तीनों लिखो सर. एक बी छोडो नक्को."

रकान्यात जागा एकाच नावाची होती. दुसरं आणि तिसरं नाव मी बारीक अक्षरात समासात लिहिलं.